एका बुडबुड्याची वाट पाहताना

नवरात्र उठलं की आमच्या कोपऱ्यावरचा वाणी छत्र्या आत टाकतो आणि पुढच्या फळीवर घामोळ्यांच्या पावडरचे डबे मांडतो. हिरवे, निळे, पिवळे. मला कॅलेंडर बघावं लागत नाही, घाटकोपरला ऑक्टोबर आलेला असतो. पाऊस गेलेला, थंडीचा अजून पत्ता नाही, आणि मधल्या मध्ये ऊन असं तापतं की दुपारी गॅलरीच्या गजाला हात लावायची सोय नाही. शेजारची चार वर्षांची सई मानेला पांढरी पावडर थापून झबल्यात जिना चढत-उतरत असते. तिच्या मागून जाताना तो वास येतो, थोडा कापराचा, थोडा चंदनाचा, आणि मी साठी उलटलेली बाई जिन्यातच उभी राहून हसायला लागते. सईची आई एकदा काळजीने म्हणाली, काकू, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, झकास वाटतंय गं.

आता तिला काय सांगणार, की हा वास एकदा रॉकेटला आडवा आला होता आणि तो आडवा नेऊन घातला होता मी?

गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांची होते. हातात डिप्लोमा होता आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी परीक्षण विभागात लागले होते. विभाग म्हणजे मी एकटीच. सहा महिने काम बघू, मग कायम करू, अशी बोली होती. आमच्याकडे अंगठ्याएवढे व्हॉल्व्ह बनायचे. ते रॉकेटच्या पोटात जाऊन बसायचे आणि दाबाखालचा गॅस अडवून धरायचे. सोड म्हटलं की सोडायचा, धर म्हटलं की धरायचा, एवढंच त्यांचं काम. पण ते जमलं नाही तर बाकीच्या हजार लोकांची मेहनत समुद्रात. घरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची कुमुद रॉकेटमध्ये आहे." ऐकणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग छताकडे.

खरं काम असं होतं, की दुसऱ्याने जीव ओतून केलेल्या वस्तूत मी खोट काढायची. लग्नात जेवणावर टीका करणारी एक आत्या असते ना, तसली नोकरी. फक्त मला त्याचा पगार मिळायचा आणि पुराव्याशिवाय बोलायची मुभा नव्हती. मला हे काम मनापासून आवडायचं. लहानपणापासून मी उठसूट खुसपटं काढणारी म्हणून बोलणी खाल्ली होती, आणि आता त्याच स्वभावाला कुणीतरी टेबलखुर्ची दिली होती.

कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेच्या भिंतींची खोली होती. आम्ही तिला काचघर म्हणायचो. आत गार हवा, गाळलेली, धूळ म्हणून नाही. जाताना चप्पल बाहेर, अंगात पांढरा नायलॉनचा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. दारावर नियमांची पाटी होती. बांगड्या नकोत, गजरा नको, कंगवा नको, सौंदर्यप्रसाधने नकोत. आत मी व्हॉल्व्हच्या एका तोंडाला गॅसची नळी जोडून तो दोनदा उघडबंद करायची आणि मग बंद ठेवायची. दुसऱ्या तोंडाची बारीक नळी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडायची, आणि मग दहा मिनिटं पाण्याकडे बघत बसायचं. व्हॉल्व्ह धड असेल तर पाणी गप्प राहतं. कणभर जरी फट असेल तर नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुगतो, क्षणभर थांबतो आणि वर जातो. एकही बुडबुडा चालायचा नाही. काही न घडण्याची इतक्या आतुरतेने वाट पाहणारी माणसं जगात थोडीच असतील. व्हॉल्व्ह पास झाला की मला आत एकटीला नाचावंसं वाटायचं, पण झग्यात पाय अडकायचे.

काचेच्या पलीकडे दळवीकाकांचं टेबल होतं. त्यांचा जन्म मालवणकडचा. लालबागच्या गिरणीत पंचवीस वर्षं फिटर होते. संपात गिरणी गेली, तेव्हा मालाडला भावाच्या खोलीत आले आणि तिथून आमच्याकडे लागले. व्हॉल्व्हच्या आत जी दोन तोंडं एकमेकांवर टेकतात, ती घासून गुळगुळीत करायचं काम त्यांचं. जाड काचेच्या तुकड्यावर राखाडी मलम लावायचं, त्यावर तो इवलासा तुकडा दोन बोटांनी धरायचा आणि इंग्रजी आठ काढत राहायचं. आठावर आठ, तासन् तास. कुठे थांबायचं ते त्यांच्या बोटांना कळायचं. मी एकदा विचारलं, काका, कळतं कसं? तर माझ्या आईचा दाखला देत म्हणाले, भाताक वाफ कधी इली ता तुझ्या आवशीक कसा कळता?

काचेतून बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून आमची एक खूण ठरली होती. दहा मिनिटं झाली की ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघायचे. बुडबुडा नाही, तर मी मूठ वर करायची. बुडबुडे आले, तर तितकी बोटं. ऑगस्ट आणि सप्टेंबरभर मी मुठीच दाखवल्या. मूठ दिसली की काका मान हलवायचे आणि पुन्हा आठ काढायला लागायचे. दुपारी डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीतला वाटा मला मिळायचा. आईला हे ठाऊक नव्हतं, आणि माझ्या हाताच्या वासाबद्दल ती विचारायची तेव्हा मी मशीनच्या तेलावर ढकलायची.

मग ऑक्टोबर आला. आमच्या घरापासून मरोळपर्यंत बस, असल्फा, साकीनाका, सगळीकडे धूळ आणि धूर. कारखान्यावर पत्र्याचं छप्पर. गार होतं ते फक्त काचघर, आणि तिथे पोचेपर्यंत माझ्या मानेवर, कोपरात, मनगटांवर घामोळं पिकलेलं असायचं. आईने पावडरचा डबा हातात दिला. सकाळी आंघोळ झाली की सढळ हाताने लावायची आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा, त्यासाठी दुसरा डबा कारखान्यातल्या कपाटात. ही पावडर आमच्या घरी आरशापुढे नव्हतीच कधी. ती औषधांच्या फळीवर असायची, बामच्या बाटलीशेजारी. दारावरची पाटी मी रोज वाचायची, पण सौंदर्यप्रसाधन या शब्दाशी या डब्याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात बुडबुडे सुरू झाले.

आधी एक व्हॉल्व्ह, मग दोन. दुपारी तर चारातले तीन नापास. मी बोट वर करायची आणि काकांचा चेहरा काचेपलीकडे उतरायचा. नापास व्हॉल्व्हला लाल चिठ्ठी बांधून मी तो त्यांच्याकडे पाठवायची. व्हॉल्व्ह खोलून सुटा करायचा अधिकार फक्त त्यांचा, माझा नाही. आणि खोलला की पहिली पायरी म्हणजे धुणं, तोही नियमच. ते धुऊन भिंगाखाली बघायचे, तर काही दिसायचं नाही. तरी ते पुन्हा घासायचे, पुन्हा पाठवायचे, आणि मी पुन्हा बोट दाखवायची. एकदा मी म्हटलं, काका, माझ्याच मांडणीत काही गडबड असेल. ते म्हणाले, "पाणी खोटा बोलणा नाय, चेडवा." आणि स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघत बसले.

मी कंबर कसून तपासाला लागले. वहीत रकाने आखले. गॅसची टाकी कोणती, पाणी कधी बदललं, हवेतला दमटपणा किती, वीज किती वाजता गेली, मलमाचा डबा कुठला, काकांनी चहा कधी घेतला. हो, चहासुद्धा. बावीस रकाने झाले. मी सगळ्या जगावर संशय घेतला. आजही मला त्या वहीची आठवण झाली की माझंच हसू येतं, कारण त्या बावीस रकान्यांत मी कुठेच नव्हते.

कारखान्याचे मालक प्रधानसाहेब वाईट माणूस नव्हते. पण दिवाळीच्या आत माल जायचा होता, आणि तो घ्यायला रॉकेटकेंद्राचे तपासनीस येणार होते. साहेबांनी काकांचे डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले. मग हात थरथरत असतील, वय झालं, असं ठरलं. हे घासायचं काम पुण्याला मशीनवर करून घ्यायचं आणि दळवींना दिवाळीपासून पॅकिंगला बसवायचं, खोकी भरायला. साहेबांनी ते त्यांना हळुवारपणेच सांगितलं. काकांनी वादसुद्धा घातला नाही, कारण त्यांना ते पटलं होतं. मला मात्र जेवण जाईना. ती लाल चिठ्ठी रोज मी बांधत होते.

खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूचे हार पडले, हळदकुंकू लागलं. काचघरात हळदकुंकू न्यायला बंदी, म्हणून माझ्या पेल्याची आणि नळीची पूजा काचेबाहेरूनच झाली आणि हार दाराच्या कडीला. नेमका त्याच सकाळी पावडरचा घरचा डबा संपला होता. कपाटातला आधीच संपला होता. सणाच्या गडबडीत नवा आणायचा राहिला, आणि मी दोन-तीन दिवस मान खाजवत काम केलं. त्या दिवसांत पेल्यात एकही बुडबुडा आला नाही. मुठीवर मुठी. काका म्हणाले देवी पावली, साहेब म्हणाले हवा बदलली. मग आईने नवा डबा आणला आणि देवी लगेच रुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी उभी राहून मनगटांना पावडर लावत होते. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा तिरका आत आला होता, आणि त्यात माझ्या हातावरची पावडर उडत होती. मी हात थांबवला. पावडर थांबेना. कण वर जात होते, खाली येत होते, खाली बसायचं नावच घेत नव्हते. मी मनगट त्या उन्हात धरून एकदा झटकलं, आणि उन्हात पांढरा ढग उठला. नळी जोडताना माझं मनगट बरोबर व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर यायचं, आणि तिथे मोजा संपायचा. एक कण आत पडला, उघडबंद करताना गॅसने तो पुढे ढकलला आणि दोन तोंडांच्या मध्ये नेऊन बसवला, की काकांच्या हजार आठांची वाट लागलीच. आणि धुतलं की तो कण गेला. कुणाला काय दिसणार होतं?

आई स्वयंपाकघरातून ओरडत होती की बस चुकेल. मी उभीच.

इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या दिवशी मी पावडर धुऊन टाकली, कामावर गेले आणि गप्प बसले. सहा महिन्यांच्या बोलीतला पाचवा महिना चालू होता. मनात म्हटलं, आता बुडबुडे येणार नाहीत, प्रश्न मिटला, कशाला आपणहून पायावर धोंडा पाडून घ्यायचा. व्हॉल्व्ह पास झाले. मूठ दाखवताना मी काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

दुपारी काका डबा घेऊन माझ्यापाशी आले. चटणी पुढे सरकवली. मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद आणि पेन्सिल काढली.

"पॅकिंगात खोक्यांर इंग्लिश लिवचा लागता म्हणतत," ते म्हणाले. "फ्रॅजाइल, आणि असला काय काय. माका तेवढा शिकव गो."

पंचवीस वर्षं यंत्रं ज्याच्या बोटांना ओळखत होती, तो माणूस माझ्याकडे मुळाक्षरं शिकायला बसला होता, आणि तेही माझ्या पायी. मी पहिलं अक्षर काढून दिलं. त्यांनी ते तितक्याच निगुतीने गिरवलं. दुसरं अक्षर मात्र मी अर्ध्यावरच सोडलं. मी पेन्सिल ठेवली, हात धुतले आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकलं. आधी हसले, मग गंभीर झाले. उद्या केंद्राचे तपासनीस येणार, त्यांच्यासमोर हे सांगायचं म्हणजे कारखान्याची शोभा, असं म्हणाले. शेवटी म्हणाले, "मिस वैद्य, हे तुमचं मत आहे. मला मत नको, चाचणी द्या. त्यांच्यासमोरच द्या."

माझं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट माझ्या पसंतीचा करता येईल. मी तिथे पुढे अठ्ठावीस वर्षं काढली, तेव्हा कायम झाले हे उघड आहे. दारावरच्या पाटीत एक ओळ वाढली आणि ती साहेबांनी स्वतः लाल रंगात लिहिली. घामोळ्यांवर आईने कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ काढली आणि मी महिनाभर कडू वासाची फिरले. आमचे व्हॉल्व्ह गेले, पुढे आणखी गेले, आणि एकदा दूरदर्शनवर रॉकेट वर जाताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीत बसून दहा मिनिटं मोजली. जुनी खोड. आजही कुकरचं झाकण लावण्याआधी मी त्याची रिंग बोटाने तपासते. घरचे म्हणतात, आता पास म्हणून सही कर म्हणजे शिट्टी होईल.

तर तो दिवस. केंद्राचे तपासनीस आले. उंच, शांत गृहस्थ, मोडकं हिंदी बोलणारे. ते, साहेब आणि मी, तिघं झगे घालून काचघरात. मी हात कोपरापर्यंत धुऊन काकांनी घासलेला एक व्हॉल्व्ह जोडला. दहा मिनिटं. पाणी गप्प. मग मी मोजे काढले, डबा उघडला आणि रोजच्यासारखी पावडर मनगटांना लावली. काचघरात तो कापराचा वास पसरला तेव्हा मला देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं झालं. पुन्हा मोजे घातले, तोच व्हॉल्व्ह सोडवला, पुन्हा जोडला, दोनदा उघडबंद केला. घड्याळ सुरू केलं.

काचेबाहेर दळवीकाका उभे होते. त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की मोठी चाचणी आहे. दाराच्या कडीला खंडेनवमीचा सुकलेला हार अजून होता आणि त्यांनी नकळत तो मुठीत धरला होता.

दोन मिनिटं झाली. चार झाली. पाणी गप्प. मी पाच महिने बुडबुडा नको म्हणून प्रार्थना केली होती, आणि आता डोळे फाडून त्या नळीच्या टोकाकडे बघत मनात म्हणत होते, ये रे बाबा, एकदा ये. तो आला नाही तर चूक माझी ठरणार नव्हती. चूक माझी ठरली नाही तर काका खोकी भरणार होते. सहा मिनिटं. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला, त्या गार खोलीत. सात.

नळीच्या टोकाशी काहीतरी चमकलं. मोहरीएवढं, मग ज्वारीएवढं. फुगलं, थांबलं, आणि सुटून सावकाश वर गेलं. तपासनीसांनी हळूच म्हटलं, "एक." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

मी वळले आणि काकांना बोट दाखवलं. मी हसत होते, पण तोंडाला फडकं होतं. त्यांना दिसलं ते फक्त बोट, रोजच्यासारखं. त्यांची मान खाली गेली, हातातला हार सुटला. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी वर पाहिलं. मी तेच बोट पुन्हा वर धरलं आणि ते सावकाश वळवून माझ्या स्वतःच्या छातीवर ठेवलं.

ते काचेजवळ सरकले. मी पावडरचा डबा उचलून दाखवला, मनगट दाखवलं, आणि पुन्हा बोट छातीवर.

मग व्हॉल्व्ह त्यांच्याकडे गेला. साहेब म्हणाले, घासायचा नाही, नुसता धुवा. काकांनी धुतला, भिंगाखाली पाहिला आणि परत पाठवला. मीही पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा दहा मिनिटं, आणि पाण्यात काहीच घडलं नाही. मी मूठ वर केली. इतके महिने काकांनी मुठीला फक्त मान हलवली होती. त्या दिवशी काचेपलीकडे त्यांनी आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मूठ वळली.

मी बाहेर आले तेव्हा ते टेबलाशी बसून काचेच्या तुकड्यावर मलम लावत होते. खिशातला तो अक्षरांचा कागद त्यांनी मलमाच्या डब्याखाली अंथरला होता.

"म्हणजे माझो हात आसा अजून," ते म्हणाले, आणि आठ काढायला लागले.